कोवळा खांदा

बारा नंबरच्या पवनचक्कीवर त्या सकाळी वारा फारसा नव्हता. पठारावर कारवीची झुडपं नुसती हलत होती. पात्यांची धुलाई, रंगकाम हे सगळं आता ड्रोन करत असत. पण खांबाच्या टोकावरच्या, पात्यांमागच्या खोक्याच्या छपरावरचं वारा मोजायचं यंत्र बिघडलं, की अजूनही दोन माणसांना शिडी चढून वर जावं लागे. त्या दिवशी वैजयंता ढाणे आणि दिनकर शेलार वर गेले होते.

दिनकर पंचेचाळिशीचा. पठारावरच्या सगळ्या चक्क्या त्याने चढून झिजवल्या होत्या, असं पोरं म्हणत. वैजयंताला हे काम त्यानेच शिकवलं होतं. ती त्याला दादा म्हणे आणि तो तिला वैजू. शिकवताना पहिल्याच दिवशी त्याने एक नियम तिच्या डोक्यात पक्का बसवला होता : कमरेच्या पट्ट्याला दोन हुक असतात, दुसरा अडकवल्याशिवाय पहिला सोडायचा नाही.

यंत्र बदलून झालं. परत फिरताना दिनकरचा एक हुक पाठीमागच्या कठड्यात होता. हात मागे नेऊन तो सोडवायचा, एवढंच काम. वैजयंताने पाहिलं, तर दादाने हात मागे नेलाच नाही. त्याने पुढचा हुक काढला, अख्खं अंग वळवलं आणि समोर आलेला मागचा हुकही सोडवला. त्या क्षणी त्याला कशाचाच आधार नव्हता. छपरावर तेलाचा ओघळ होता. त्याचा बूट त्यावरून सटकला आणि तो कडेकडे घसरत गेला.

वैजयंता स्वतः दोन्ही हुकांनी बांधलेली होती. तिने आडवी झेप घेतली आणि त्याच्या पाठीवरचा पट्टा उजव्या हाताने पकडला. हिसका बसला. खांद्यात कापड टरकन फाटावं तसं काहीतरी झालं. बोटं मात्र सुटली नाहीत.

"दादा, डावीकडं कठडा आहे! धरा!"

दिनकरने धडपडत कठडा धरला, हुक अडकवला आणि छपराला गाल टेकवून तो तसाच पडून राहिला. मग त्याने वर पाहिलं, तेव्हा वैजयंताचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता.

* * *

"खांद्याचा सांधा म्हणजे बशीत ठेवलेला चेंडू," कराडच्या दवाखान्यात डॉ. इरफान बागवान पडद्यावरच्या चित्राकडे बोट दाखवत म्हणाले. "बशी उथळ आहे, म्हणूनच हात सगळीकडे फिरतो. चेंडू बशीत राहावा म्हणून त्याला चार बाजूंनी दोर बांधलेत. स्नायूला हाडाशी बांधणारा हा पांढरा, चिवट दोर, त्याला कंडरा म्हणतात. तुमचा वरचा दोर हाडापासून जवळजवळ पूर्ण सुटलाय."

"बरा होईल?" तिचा नवरा हृषीकेश याने विचारलं. तो पाटणच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. डेपोतून तसाच आला होता, हाताला ग्रीस होतं.

"पूर्वी असतं, तर मी शिवून दिला असता आणि वर्षभर वाट पाहा म्हणालो असतो." डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "असं बघा. काही फाटलं की शरीर आधी तिथे रक्त आणि सूज पाठवतं. लोकांना सूज म्हणजे आजार वाटतो, पण ती दुरुस्तीची पहिली तुकडी असते. मग घाईघाईने नवे धागे टाकले जातात. कसे? गवताची गंजी विस्कटावी तसे, कुठलाही कुठे. त्यानंतर कित्येक महिने, तुम्ही जसजसा हात वापराल, तसतसे ते धागे ओढीच्या दिशेने सरळ होत जातात. पण पूर्ण कधीच होत नाहीत. तिथे वण राहतो. वण म्हणजे ठिगळ."

"आणि आता?"

"गर्भातल्या बाळाला जखम झाली, तर वण राहत नाही. त्याच्या पेशींना नव्याने विणता येतं. आपण मोठे होताना ती कला हरवते. आता एक इंजेक्शन आहे, ते कंडरेतल्या पेशींना काही आठवड्यांपुरतं परत तेवढं कोवळं करतं. दोर हाडाला टाचायचा आणि इंजेक्शन द्यायचं. पेशी जुनं ठिगळ विरघळवतात आणि नवा, अस्सल दोर विणतात. आम्ही त्याला कोवळा काळ म्हणतो."

वैजयंता पडद्यावरच्या चित्राकडे बघत होती. तिने विचारलं, "विणतात, पण कुठल्या नमुन्यावर?"

डॉक्टर तिच्याकडे वळले. "हाच खरा प्रश्न आहे. पेशींना डोळे नसतात. त्यांना फक्त ओढ कळते. ज्या दिशेने ताण येईल, त्या दिशेने त्या धागा टाकतात. कोवळ्या काळात हात नुसता झोळीत ठेवला, तर दोर दुबळा होतो. जास्त ताणला, तर फाटतो. म्हणून कंपन्यांनी बाही काढलीय. खांद्यापासून मनगटापर्यंत घालायची, आत बारीक मोटारी असतात. ती ठरावीक साच्याप्रमाणे हात हलवते. तुमच्या कंपनीकडे चढाईचा साचा आहे. उत्तम चढणाऱ्यांच्या खांद्यांवरून बनवलेला."

"म्हणजे बाही घातली, की मी चढायला पहिल्यासारखी."

"चढायला पहिल्यापेक्षाही मजबूत." डॉक्टर म्हणाले. "पण तो काळ संपला, की दोर पक्का होतो. ज्या हालचाली त्या आठवड्यांत झाल्या नाहीत, त्यांच्यासाठी धागेच पडलेले नसतात. माझ्याकडे असे तीन पेशंट येऊन गेले. खांदा लोखंडासारखा, पण सदऱ्याची बाही चढवताना अडतो. त्यांची कुठे नोंद करायची म्हटलं, तर ते नाही म्हणाले. नोकरी जाईल म्हणून. तीन माणसांवरून मी ठाम काही सांगू शकत नाही. पण तुम्हाला न सांगता सुई टोचणंही मला जमणार नाही."

"बाही नको असेल तर?"

"तर मी व्यायाम देईन. त्यात जोखीम जास्त. यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो. ठरवा. टाचायची शस्त्रक्रिया उद्याच करू. इंजेक्शन मात्र सूज उतरल्यावर."

* * *

घरी आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दिनकर भेटायला आला. पिशवीत पेरू होते. अपघाताची चौकशी चालू असल्यामुळे त्याला सध्या खालचं काम दिलं होतं. तो ओट्यावर टेकला आणि पाणी प्यायला.

"तू नसतीस तर," तो पेला खाली ठेवत म्हणाला.

"ते सोडा, दादा."

ऊन लागत होतं म्हणून त्याने जाकीट काढायला घेतलं. वैजयंता बघत होती. डाव्या हाताने त्याने उजवी बाही पुढून ओढून काढली आणि मग अंग झटकून जाकीट मागे पाडलं. शर्टाची कॉलर मागे आत दुमडली गेली होती.

"दादा, कॉलर दुमडलीय मागं."

त्याने डावा हात डोक्यावरून नेऊन चाचपडत ती सरळ केली. चार वर्षांपूर्वी त्याचा उजवा खांदा दुखावला होता, कंपनीने इंजेक्शन आणि बाही दिली होती आणि दोन महिन्यांत तो सगळ्यांच्या आधी वर पोचायला लागला होता. कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो होता.

"उजवा हात पाठीमागं न्या," वैजयंता म्हणाली.

"काय?"

"न्या ना. पाठीवर. पट्टा असतो तिथं."

दिनकरने हात कमरेपर्यंत नेला. तिथे तो अडला. दाराला कोयंडा लागावा, तसा.

वैजयंताला छपरावरचा तो क्षण आठवला. "म्हणून तुम्ही दोन्ही हुक काढलेत."

"चढायला काही त्रास नाही गं," तो पटकन म्हणाला. "तू बघतेस ना, तरण्या पोरांच्या पुढं जातो मी. एवढं मागचंच तेवढं. मी काहीतरी जुगाड करून चालवून घेत होतो. त्या दिवशी तेल नसतं, तर..."

"आणि वर कुणाला चक्कर आली, त्याला उतरवायची वेळ आली, तर? त्याचा पट्टा पाठीमागून कसा बांधणार होतात? मी लटकले असते त्या दिवशी, तर मला कसं सोडवणार होतात?"

त्याने जाकीट मांडीवर ओढून घेतलं.

"वहिनींना माहीत आहे?"

"इंदूला माहीत नसून कसं चालेल? पाठीला साबण तीच लावते." तो कसनुसा हसला. मग त्याचा आवाज बदलला. "वैजू, कुणाला बोलू नकोस. सांगितलं, तर मला गेटवर बसवतील. बावीस वर्षं मी वर काढलीत. खाली बसून माणसांच्या सह्या घ्यायला मला नाही जमायचं."

"मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तुम्ही ज्या दिवशी शिडीवर पाय ठेवाल, त्या दिवशी मी बोलेन. सगळ्यांसमोर. तुम्ही मला शिकवलंय, म्हणून एवढी मुदत देतेय."

दिनकर उठला. जाकीट तसंच हातावर टाकून निघून गेला. पेरूंची पिशवी ओट्यावर राहिली.

* * *

कंपनीच्या सुरक्षा अधिकारी मधुरा सबनीस स्वतः घरी आल्या. बाही बरोबर आणली होती, राखाडी, मऊ, हातात घेतली की जिवंत वाटावी अशी. बाई सरळ होत्या, वैजयंताला त्या आवडायच्या.

"तुम्ही एका माणसाचा जीव वाचवलात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वरच परत आणायचं, हे माझ्या मनात पक्कं आहे. ही घातलीत, की कोवळा काळ संपल्यावर चाचणी म्हणजे औपचारिकता."

"मॅडम, चाचणीत काय मोजता?"

"ओढायची ताकद. लटकून राहायची क्षमता. चढायचा वेग."

"हात पाठीमागं किती जातो, ते?"

सबनीसबाईंनी भुवया उंचावल्या. "ते मोजायचं ठरलेलं नाही. का?"

वैजयंताच्या जिभेवर दिनकरचं नाव आलं होतं. तिने ते गिळलं. "वर काही झालं, तर माणसाला पाठीवर घेऊन उतरावं लागतं. त्यात सगळ्या दिशा लागतात. मला साचा नको. मी डॉक्टरांच्या व्यायामाने करते."

"मग चाचणीची हमी मी देऊ शकत नाही. नियम सगळ्यांना सारखाच. आकडा आला नाही, तर तुमचं वरचं काम बंद होईल."

"चालेल. पण चाचणी द्यायला मी येणार."

बाई गेल्यावर हृषीकेशचा इतका वेळ दाबून धरलेला राग बाहेर पडला. "वैजू, डोकं फिरलंय का तुझं? पोलादी खांदा दारात आणून देतायत, आणि तू परत पाठवतेस? फाटला पुन्हा, तर?"

"फाटला तर फाटला."

"आपल्या पोरीला तरी उचलायला येईल का तुला नंतर?"

"त्या बाहीने येईल? चढता येईल. मुक्ता काय शिडी आहे?"

हृषीकेशला ते पटलं नाही. तो डेपोत निघून गेला आणि दोन दिवस कामापुरतंच बोलला. दिनकरचं काय झालंय, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर भांडण मिटलं असतं. पण शब्द दिला होता.

* * *

इंजेक्शनने काही वाटलं नाही. चार दिवसांनी मात्र खांदा आतून ऊबदार झाला, आणि नवजात वासरू धरावं तसा तो हात तिला जपून धरावासा वाटू लागला.

डॉ. बागवान यांनी तिला पहिल्याच बैठकीत विचारलं, "तुम्ही दिवसभरात या हाताने काय काय करता? सगळं सांगा. लाजू नका."

तिने सांगितलं. शिडी. पाना फिरवणं. दोर ओढणं. मग जरा थांबून : पीठ मळणं. वाळत घातलेले कपडे काढणं. मुक्ताच्या वेण्या. पाठ खाजवणं. रात्री झोपताना हात उशीखाली घेणं. डॉक्टरांनी त्यातल्या प्रत्येक हालचालीचा हलक्यात हलका प्रकार तिला करून दाखवला. "दर काही दिवसांनी आपण वजन वाढवू. रोज सगळ्या दिशा झाल्या पाहिजेत. आणि दुखणं दोन जातींचं असतं, ते ओळखायला शिका. एक ताणल्याचं, ते हात थांबवला की उतरतं. दुसरं टोचल्याचं, ते थांबवल्यावरही राहतं. दुसरं आलं, की लगेच इकडे यायचं."

ती शिकली. सकाळी भिंतीवर बोटं चढवत न्यायची, आज कालच्यापेक्षा एका पापुद्र्याएवढी वर. परातीत सैल पीठ घेऊन त्यात हात नुसता फिरवायचा. टॉवेल पाठीमागे धरून डाव्या हाताने उजव्याला वर ओढायचं, आणि तिथे डोळ्यांत पाणी यायचं. ती तिथेच थांबून श्वास मोजायची आणि पुन्हा ओढायची. कंटाळा यायचा. कधी कधी भीतीने रडू यायचं. व्यायाम एकही दिवस चुकला नाही.

आणि मग एका संध्याकाळी मुक्ता अंगणात सायकलवरून कलंडली. सहा वर्षांचं पोर. वैजयंताने विचार न करता उजवा हात टाकला आणि तिला धरलं. खांद्यात सुई शिरल्यासारखं झालं. हात थांबला, तरी ती सुई तिथेच राहिली.

हृषीकेश तिला घेऊन लगेच कराडला गेला. डॉक्टरांनी खांद्यावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"कडेचे काही धागे तुटलेत," ते म्हणाले. "दोर टिकून आहे. काळ अजून शिल्लक आहे, ते धागे पुन्हा पडतील. पण मला तुमच्याशी खरं बोललं पाहिजे. आता यापुढे असं काही झालं, तर परत टाचावं लागेल. बाही घ्यायची असेल, तर आजही वेळ आहे. ती निदान असले अपघात होऊ देत नाही, हात अडवून धरते."

हृषीकेशने वैजयंताकडे पाहिलं. हीच वेळ होती, त्याचं म्हणणं खरं ठरायची.

"बाही असती, तर मुक्ता पडली असती," ती म्हणाली. "मी हळू जाईन, डॉक्टर. अजून हळू. पण सगळ्या दिशांनी."

परतीच्या वाटेवर हृषीकेशने गाडी मध्येच बाजूला घेतली. "मला एक सांग. तुला हे नुसतं हट्टाने करायचंय, की आणखी काही आहे?"

"आहे. पण ते माझं नाही, म्हणून सांगता येत नाही."

"बरं," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी डेपोतून येताना त्याने टायरची जुनी ट्यूब आणली, पट्ट्या कापल्या आणि पडवीच्या खांबाला वर, मध्ये, खाली अशा बांधल्या. प्रत्येक पट्टी किती ताणते, हे त्याने स्वतः ओढून पाहिलं होतं. सगळ्यांत हलकी कुठली, जड कुठली, हे खडूने लिहूनही ठेवलं. "वाढवायची असली की मला सांग," तो म्हणाला. "तू आपल्या मनाने बदलू नकोस." त्या दिवसापासून तो रोज कामावर जायच्या आधी खांबाशी उभा राहू लागला.

* * *

चाचणीच्या दिवशी पठाराखालच्या सरावाच्या मनोऱ्यापाशी सगळा गट जमला होता. अपघाताची चौकशी संपली होती. 'तेलावरून पाय घसरला' असा निष्कर्ष निघाला होता आणि दिनकर शेलार आजपासून वरच्या कामावर परत रुजू होणार होता. तो टोळक्याच्या कडेला पट्टा बांधून उभा होता. वैजयंताने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर वळवली.

ती चढली. लटकली. ताकद मोजणाऱ्या ओढयंत्राची मूठ दातओठ खाऊन ओढली. सबनीसबाईंनी आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"थोडं कमी पडलं, वैजयंता. वेळ ठीक आहे, ताकद हवी त्याहून जरा खाली आहे. मला वाईट वाटतं."

टोळक्यात कुजबुज झाली. वैजयंताने घाम पुसला. हे होणार, हे डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं. असा खांदा सावकाश ताकद धरतो.

"मॅडम, मला उतरवणीची कसरत करून दाखवायची आहे," ती म्हणाली. "वर बेशुद्ध माणूस आहे असं समजून, त्याला खाली आणायचं."

"ती चाचणीत नाही."

"माहीत आहे. तरी बघा."

बाईंनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. मनोऱ्यावर माणसाच्या वजनाचं बुजगावणं बांधून ठेवलेलं असे, सरावासाठी. वैजयंता वर गेली. डाव्या हाताने शिडी धरून उजवा हात तिने बुजगावण्याच्या पाठीमागून नेला, पट्टा चाचपला, हुक अडकवला. मग स्वतःच्या पाठीमागे हात नेऊन आधीचा हुक सोडवला. खांद्यात ताणल्याचं दुखलं, आणि उतरलं. टोचलं नाही. ती बुजगावण्याला अंगावर घेऊन पायरी पायरी खाली आली. वेळ लागला, पण आली.

"आता हे सगळ्यांनी करावं," ती म्हणाली. "ज्यांनी बाही घातली होती, त्यांनी आधी."

कुणी हललं नाही. वारा बुजगावण्याची चिंधी फडफडवत होता. वैजयंता दिनकरकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, दादा, मला बोलायला लावू नका.

दिनकर पुढे आला. कुणाशी न बोलता शिडीला लागला. सरसर चढला, नेहमीसारखाच, बघणाऱ्याने बघत राहावं असा. वर पोचल्यावर त्याने पुढचा हुक अडकवला आणि उजवा हात मागे नेला. तो कमरेपाशी अडला. त्याने जोर लावला, अंग पिळलं, पुन्हा जोर लावला. खालून सगळे माना वर करून बघत होते. हात पुढे जात नव्हता. त्याने तो लपवला नाही. सगळ्यांना दिसावा म्हणून तसाच अडलेला धरून ठेवला.

"मॅडम," तो वरून ओरडला, "माझा पाय तेलावरून घसरला, हे खरं आहे! पण मी दोन्ही हुक काढून मोकळा का होतो, त्याचं कारण हे आहे!"

सबनीसबाईंनी हातातला टॅबलेट खाली ठेवला. "खाली या, शेलार. सावकाश." आणि टोळक्याकडे वळून त्यांनी विचारलं, "अजून कुणाचं असं आहे?"

आधी एक हात वर झाला. मग दुसरा. मग आणखी काही. त्यातला एकही हात मागे जाणारा नव्हता.

* * *

पुढच्या गोष्टी एका दिवसात घडल्या नाहीत. बाही घातलेल्या सगळ्यांची वरची कामं थांबली, त्यावरून कुणी कुणी वैजयंताशी बोलणं सोडलं. एकाने तर तिच्या तोंडावर सांगितलं, की तुझ्या हट्टापायी माझं काम गेलं. तिने ऐकून घेतलं. डॉ. बागवान यांना आता तीनऐवजी पुष्कळ माणसं तपासायला मिळाली, आणि त्यांनी जे निघालं, ते जाहीरपणे मांडलं. चाचणीत उतरवणीची कसरत आली. वैजयंताने दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी दिली आणि या वेळी आकडाही आला.

मग एके दिवशी सबनीसबाईंनी तिला बोलावलं. समोर बाही बनवणाऱ्या कंपनीची दोन माणसं बसली होती, चहा आलेला होता.

"त्यांना तुमच्या खांद्याचं मोजमाप हवंय," बाई म्हणाल्या. "तुमच्या सगळ्या हालचाली नोंदवून त्यांचा नवा साचा करायचा. सगळ्या दिशांचा. त्याला तुमचं नाव देतील."

वैजयंताला आधी हसू आलं. मग ती गंभीर झाली. "माझ्या साच्यात माझ्या मुलीच्या वेण्या आहेत. दुसऱ्या कुणाला त्या घालायच्या नसतील. त्याला म्हशीची धार काढायची असेल, ढोलकी वाजवायची असेल. त्याचं काय?"

"मग काय करावं म्हणता?" त्यातल्या एकाने खरोखर उत्सुकतेने विचारलं.

"डॉक्टरांनी मला विचारलं, तसं विचारा. दिवसभर काय करता, आणि पुढं काय करायचंय. प्रत्येकाला. मग तुमची बाही त्याच्या हिशेबाने हलू दे. वेळ लागेल. पण माणूस त्या हाताने पुढं जन्म काढणार असतो."

त्या माणसाने मान डोलावली आणि लिहून घेतलं. ते तसं करतील की नाही, हे तिला सांगता आलं नसतं. तिने चहा संपवला आणि कामावर गेली.

दिनकरचा खांदा परत कोवळा करायचा ठरला. जुना दोर तुटलेला नव्हता, तरी त्याला नव्याने विणायला लावायचं, असं डॉक्टरांनी याआधी कधी केलं नव्हतं. बरं होईलच, असं ते म्हणाले नाहीत. दिनकरने सहीला पेन मागितलं.

कोवळ्या काळाच्या अखेरीस वैजयंता त्याला भेटायला कोयनाकाठी गेली, कारण घरी तो सापडायचाच नाही. नदीच्या काठालगतच्या पाण्यात तो छातीपर्यंत उभा होता. काठावर इंदूवहिनी टॉवेल घेऊन बसल्या होत्या.

"हे काय चाललंय?" वैजयंताने विचारलं.

"डॉक्टरांनी विचारलं ना, पुढं काय करायचंय म्हणून," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणाले, पोहायचंय. लग्नाआधी या तीरावरून त्या तीराला जायचे म्हणे. मी कधी पाहिलं नाही."

दिनकरने त्या दोघींकडे पाहिलं, पण हात हलवला नाही. तो पाण्यावर आडवा झाला. उजवा हात पाण्याखालून मागे गेला, मांडीपाशी अडखळला, क्षणभर तिथेच थबकला. मग तो पाण्यातून वर निघाला, डोक्यावरून वळला आणि पुढे जाऊन पाण्यात शिरला. दिनकर हातभर पुढे सरकला होता. त्याने तोंड वर काढून श्वास घेतला आणि दुसरा हात टाकला.